बँकेने कापलेले चार्ज परत मिळवणे : किमान शिल्लक, हप्ता रिटर्न, ओव्हरड्राफ्ट

खतावणी

बँकेने परस्पर कापलेल्या रकमांचे प्रश्न इथे दर आठवड्याला कुठल्या ना कुठल्या धाग्यात येतात आणि उत्तरे विखुरली जातात. म्हणून हा एकच धागा. माहिती सप्टेंबर २०२५ पर्यंतची आणि भारतातल्या बँकांपुरती.

आधी एक पक्के समजून घ्या. "चार्ज फार आहे हो" या तक्रारीवर एक रुपयाही परत येत नाही. किमान शिल्लक किती ठेवायला लावायची हे बँकेने ठरवायचे असते. रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर संजय मल्होत्रा यांनीही ऑगस्टमध्ये हेच सांगितले. रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे (बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणारा अधिकारी) गेलात तरी बँकेचा 'व्यावसायिक निर्णय' त्याच्या कक्षेत येत नाही, तक्रार दारातूनच परत येते. पैसे सुटतात ते चार्ज लावताना बँकेने नियम मोडला असेल तेव्हा. त्यामुळे स्टेटमेंट हातात घेऊन प्रत्येक कपातीला एकच प्रश्न विचारायचा : ही लावण्याआधी बँकेने जे करायला हवे होते ते केले का?

बचत खात्यातल्या किमान शिलकेच्या दंडापासून सुरुवात करू, कारण तक्रारी सर्वाधिक त्याच्याच आणि नियमही इथेच सर्वांत स्पष्ट. रिझर्व्ह बँकेचे २० नोव्हेंबर २०१४ चे परिपत्रक, अंमल १ एप्रिल २०१५ पासून. त्यातले कामाचे मुद्दे :

शिल्लक कमी पडली की बँकेने एसएमएस, ईमेल किंवा पत्राने कळवायचे, आणि कळवल्यापासून किमान एक महिना शिल्लक भरून काढायला द्यायचा. त्या मुदतीत भरली नाही तरच दंड. बऱ्याच बँका दंड कापल्यावर "तुमच्या खात्यातून अमुक रक्कम वजा झाली" असा संदेश पाठवतात आणि हीच सूचना म्हणतात. ती सूचना नव्हे.

दंड तुटीच्या प्रमाणात हवा. दहा हजारांत पन्नास रुपये कमी पडले आणि पाच हजार कमी पडले, दोघांना सारखाच दंड लावता येत नाही. टप्पे पाडलेले चालतात, सरसकट आकडा चालत नाही.

केवळ या दंडापोटी खाते वजा शिलकेत नेता येत नाही.

याखेरीज, किमान शिलकेची रक्कम किंवा दंडाचा दर बदलायचा असेल तर जुन्या खातेदाराला किमान एक महिना आधी कळवावे लागते. आणि दोन वर्षांहून जास्त काळ व्यवहार न झाल्याने निष्क्रिय ठरलेल्या खात्यावर किमान शिलकेचा दंड लावताच येत नाही. ही मनाई २०१४ पासून आहे. १ एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या सूचनांत ती पुन्हा आली, शिवाय खाते सुरू करून देण्याचे पैसेही घ्यायचे नाहीत असे त्यात आहे. गावाकडचे, आईवडिलांच्या नावाचे जुने खाते असेल तर स्टेटमेंट काढून बघाच.

काउंटर_नं_३

चांगला धागा. एक भर घालतो, नाहीतर लोक चुकीच्या जागी हे परिपत्रक फडकवतील. २०१४ चे परिपत्रक फक्त बचत खात्याला लागू आहे. चालू खात्याला नाही. दुकानाच्या करंट अकाउंटवर दंड लागला असेल तर त्याचा आधार घेऊ नका. तिथे खाते उघडताना सही केलेले चार्जेसचे पत्रक आणि दरबदलाची सूचना मिळाली की नाही, एवढ्यावरच बोलता येते.

आणि स्टेट बँकेने मार्च २०२० मध्ये, कॅनरा बँकेने १ जून २०२५ पासून आणि पंजाब नॅशनल बँकेने १ जुलै २०२५ पासून बचत खात्यावरचा हा दंड बंद केला, म्हणून "मग माझा जुनाही परत द्या" असे म्हणता येत नाही. ते निर्णय पुढच्यासाठी आहेत. जुना दंड परत हवा तर त्या वेळची सूचना आणि प्रमाण हेच तपासायचे.

प्रज्ञा_क

सरासरी शिल्लक कशी मोजतात हे कोणी उदाहरणासह सांगेल का? ज्या दिवशी शिल्लक उतरते त्या दिवशी दंड लागतो असे शाखेत सांगितले जाते.

खतावणी

किमान शिलकेची अट 'मासिक सरासरी'ची असेल तर एका दिवसाने काही होत नाही. महिन्यातल्या प्रत्येक दिवसअखेरची शिल्लक घ्यायची, रविवार आणि सुट्ट्या धरून, बेरीज करायची आणि दिवसांनी भागायचे.

समजा अट १०,००० ची, महिना ३० दिवसांचा. १२ दिवस १५,००० होते, १८ दिवस १,५००. बेरीज १,८०,००० अधिक २७,०००, म्हणजे २,०७,०००. भागिले ३०, सरासरी ६,९००. तूट ३,१००. बँकेच्या पत्रकात 'तुटीच्या ६ टक्के किंवा ५०० रु., यांतले जे कमी ते' असे लिहिलेले असेल तर दंड १८६ रु., त्यावर १८ टक्के जीएसटी ३३.४८, एकूण २१९.४८. स्टेटमेंटवर ५९० दिसत असतील तर बँकेने कमाल दंड सरसकट लावला. ३७०.५२ रुपये थेट मागता येतात. याला वाद लागत नाही, गणित दाखवले की पुरते.

(५९०, ३५४, ११८ असे आकडे दिसले की समजायचे ते ५००, ३००, १०० अधिक जीएसटी आहेत.)

उलट बाजूने हेच गणित दंड टाळायलाही चालते. महिन्याची बेरीज ३ लाख व्हायला हवी. २४ तारखेपर्यंत १,८०,००० झाली असेल तर उरलेले सहा दिवस रोज २०,००० ठेवले की भागते. अट तिमाही सरासरीची असेल तर ९० दिवसांत ९ लाख.

दोन खाचा आहेत. ऑटो स्वीप असेल आणि वरची रक्कम मुदत ठेवीत गेली असेल तर काही बँका ती सरासरीत धरतात, काही धरत नाहीत. आपल्या खात्याच्या अटी वाचा. आणि पगार खाते : पगार जमा होणे थांबले की ठरावीक महिन्यांनी, बहुधा तीन, ते साध्या बचत खात्यात बदलते आणि अट लागू होते. नोकरी बदलणारे हमखास इथे सापडतात. खाते बदलल्याची सूचना मिळाली नसेल तर हा मुद्दा बळकट आहे.

सावंतवाडीकर

खाते शून्यावर आले, वजा नाही गेले. पण पुढे कधीही पैसे भरले की आधी मागचा दंड कापला जातो. हे चालते का? मॅनेजर म्हणतात, "वजा केले का आम्ही? मग नियम पाळला."

काउंटर_नं_३

सिस्टीममध्ये दंड 'वसुली बाकी' म्हणून मागे टाकून ठेवतात आणि जमा आली की उचलतात. कागदावर शिल्लक शून्याखाली जात नाही. परिपत्रकाची अक्षरे पाळली, हेतू पाळला नाही, असे माझे मत. पण तक्रार केवळ हेतूवर उभी करू नका. प्रत्येक बाकी दंडासाठी स्वतंत्र विचारा : त्या महिन्याच्या तुटीची सूचना कोणत्या तारखेला, कोणत्या नंबरवर गेली? शून्य शिलकेच्या खात्यावर महिनोन्महिने चढत गेलेल्या दंडांपैकी बहुतेकांची सूचना निघत नाही, कारण पहिल्या संदेशानंतर पुढचे दंड यंत्र आपोआप लावत जाते.

जमा झालेली रक्कम शिष्यवृत्तीची किंवा सरकारी अनुदानाची असेल तर ते पत्रात ठळक लिहा. अशा खात्यांच्या बाबतीत शाखा लवकर हलते.

दंड असा साचत राहण्यापेक्षा खाते मूलभूत बचत खात्यात, म्हणजे बीएसबीडीमध्ये बदलून घ्यावे. किमान शिल्लक शून्य, एटीएम कार्ड फुकट, महिन्याला चार वेळा पैसे काढणे फुकट, भरण्यावर मर्यादा नाही. अट इतकीच की त्याच बँकेत दुसरे बचत खाते ठेवता येत नाही, असेल तर ३० दिवसांत बंद करायचे. "आमच्याकडे तो प्रकार नाही" असे उत्तर मिळाले तर लेखी मागा. सहसा प्रकार लगेच सापडतो.

नियमावली

किमान शिलकेपलीकडचे, पण परत मिळण्यासारखे :

एटीएम. नोटा आल्या नाहीत आणि खात्यातून पैसे गेले, तर बँकेने व्यवहाराच्या दिवसानंतर ५ दिवसांत परत जमा करायचे. त्यापुढे उशिराच्या दर दिवसाला १०० रु. भरपाई, आणि तीही खातेदाराने न मागता. परिपत्रक २० सप्टेंबर २०१९. उदाहरण : १ तारखेला व्यवहार फसला, पैसे २० तारखेला आले. ६ तारखेपर्यंत मुदत, ७ ते २० असे १४ दिवस उशीर, १,४०० रु. देणे. मूळ रक्कम आली की लोक खूश होतात आणि हे विसरून जातात. यूपीआय किंवा आयएमपीएसने दुसऱ्याला पाठवलेले पैसे आपल्याकडून गेले पण तिकडे जमा झाले नाहीत, तर मुदत फक्त पुढच्या दिवसापर्यंत, त्यानंतर तोच १०० रुपयांचा दर. दुकानात यूपीआयने दिलेल्या पैशांना ५ दिवस.

एटीएमचे मोफत व्यवहार. स्वतःच्या बँकेत महिन्याला ५; दुसऱ्या बँकेच्या एटीएमवर मुंबईसारख्या सहा महानगरांत ३, इतरत्र ५. त्यापुढे १ मे २०२५ पासून कमाल २३ रु. अधिक कर. मशीनमध्ये नोटा नव्हत्या, लिंक गेली होती, तांत्रिक बिघाड झाला, असे व्यवहार मोफत कोट्यातून वजा करता येत नाहीत. स्टेटमेंटमध्ये महिन्याचे व्यवहार मोजा, एखादा फसलेला व्यवहार मोजून सहाव्याचे पैसे कापलेले दिसतात. खात्यात शिल्लक नसताना काढायला गेल्यास लागणारा २०-२५ रुपयांचा चार्ज मात्र वेगळा. तो पत्रकात असेल तर परत मिळत नाही.

एसएमएस. २०१३ पासून सूचना आहे की प्रत्यक्ष वापरानुसारच आकारायचे. दर तिमाहीला ठरावीक रक्कम कापली जात असेल तर किती संदेश पाठवले याचा हिशेब मागा. रक्कम छोटी असते, पण दुसऱ्या तक्रारीत एक ओळ म्हणून टाकायला हरकत नाही.

विमा. मे महिन्यात ४३६ आणि २० रुपये गेले असतील तर ते जीवन ज्योती आणि सुरक्षा विमा योजनेचे. आपण फॉर्म भरला नसेल तर संमतीची प्रत मागायची. प्रत नसेल तर आजवरचे सगळे हप्ते परत मागायचे.

किराणा_आणि_कंपनी

ओव्हरड्राफ्ट (ओडी, म्हणजे मंजूर मर्यादेपर्यंत शिलकेपेक्षा जास्त उचलायची सोय) आणि सीसी (कॅश क्रेडिट, मालाच्या तारणावरची तशीच उचल) खात्यांबद्दल लिहा ना. छोट्या व्यापाऱ्याची खरी लूट तिथे होते. दर महिन्याला व्याजाखाली आणखी पाच-सहा नावांनी रकमा पडतात आणि कोणती कशाची ते कळत नाही.

काउंटर_नं_३

तिथे आधी व्याज जुळवा. ओडीवर व्याज मंजूर मर्यादेवर नाही, उचललेल्या रकमेवर, रोजच्या शिलकेवर. मर्यादा ५ लाख, दर ११ टक्के, २ लाख दहा दिवस वापरले : २,००,००० गुणिले ११ गुणिले १०, भागिले ३६,५००, म्हणजे ६०२.७४. असे तुकडे पाडून महिन्याची बेरीज करा. एक्सेलमध्ये अर्ध्या तासाचे काम आहे. जुळले नाही तर फरक नेहमी तीन ठिकाणी निघतो : चेक जमा झाल्याची तारीख उशिराची धरली, रेपो (रिझर्व्ह बँकेचा मूळ व्याजदर) घटल्यावर दर खाली आला नाही, किंवा दंडाचे व्याज मुख्य व्याजात मिसळले.

यातला तिसरा प्रकार आता सरळ सरळ नियमबाह्य आहे. रिझर्व्ह बँकेचे १८ ऑगस्ट २०२३ चे परिपत्रक : दंड 'दंडात्मक व्याज' म्हणून व्याजदरात मिसळता येत नाही, वेगळा 'दंडात्मक आकार' म्हणूनच दाखवायचा, आणि त्या आकारावर पुढे व्याज चढवायचे नाही. नव्या कर्जांना १ एप्रिल २०२४ पासून, जुन्या खात्यांना ३० जून २०२४ पर्यंत. (क्रेडिट कार्ड यातून वगळले आहे.)

पूर्वी काय व्हायचे? स्टॉक स्टेटमेंट (बँकेला द्यायचा मालसाठ्याचा हिशेब) द्यायला उशीर झाला की पूर्ण येणे रकमेवर २ टक्के जादा. आठ लाखांवर महिन्याचे १,३१५ रुपये, आणि ते व्याजातच मिसळल्यामुळे पुढच्या महिन्यात त्यावरही व्याज. जून २०२४ नंतरच्या स्टेटमेंटमध्ये मंजुरीपत्रातल्या दरापेक्षा जास्त दराने व्याज लागलेले दिसले तर कारण विचारा. मूळ व्याज थकले तर त्यावर व्याज चढते, ते मात्र नियमात बसते. तिथे भांडू नका.

नियमावली

त्याला जोडून : या दंडात्मक आकारावर जीएसटी लागत नाही. केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाने २८ जानेवारी २०२५ च्या परिपत्रकात ते स्पष्ट केले. कर्ज किंवा ओडी खात्यात दंडाच्या शेजारी १८ टक्के कर दिसला तर तो परत मागा. बचत खात्याच्या किमान शिलकेच्या चार्जला हे जसेच्या तसे लावू नका, ते परिपत्रक कर्जखात्यांबद्दल आहे.

काउंटर_नं_३

बरोबर. बाकीच्या नोंदींसाठी मंजुरीपत्र काढा. प्रोसेसिंग किंवा नूतनीकरण, तपासणी, दस्तऐवज, विमा, न वापरलेल्या मर्यादेवरचा आकार. मंजुरीपत्रात किंवा त्याला जोडलेल्या पत्रकात नाव नसलेली प्रत्येक नोंद प्रश्नार्थक. तपासणी आकार लागला असेल तर तपासणी कोणत्या तारखेला झाली, अहवाल कुठे आहे, हे विचारा. गोदामात कोणी फिरकलेच नाही अशी उदाहरणे भरपूर. नूतनीकरणाची फी कापली पण मंजुरीपत्र आले नाही आणि मर्यादा जुनीच अडकून पडली, हेही नेहमीचे.

मर्यादेबाहेर उचल दाखवून आकार लावला असेल तर ड्रॉइंग पॉवर बघा. मर्यादा ५ लाख असली तरी माल वजा देणी वजा मार्जिन इतकीच उचल चालते. स्टॉक स्टेटमेंट शाखेत पडून राहिले आणि सिस्टीममध्ये चढवले नाही तर ड्रॉइंग पॉवर जुनी किंवा शून्य राहते, आणि पुढची सगळी उचल 'मर्यादेबाहेर' ठरते. अशा वेळी स्टेटमेंट दिल्याची पोच असेल तर सगळा आकार परत येतो. पोच नसेल तर काही येत नाही. म्हणून स्टॉक स्टेटमेंट हातात देऊन निघून येऊ नका. ईमेल करा किंवा दुसऱ्या प्रतीवर शिक्का घ्या.

प्रज्ञा_क

कर्जाचा हप्ता रिटर्न झाला, म्हणजे न वटता परत गेला, की दोन्हीकडून कापतात, आपली बँकही आणि कर्ज देणारी कंपनीही. कोणाकडे मागायचे?

नियमावली

चूक कोणाची ते आधी ठरवा. कर्ज फिटले तरी कंपनीने मॅन्डेट (खात्यातून हप्ता आपोआप कापायची तुम्ही दिलेली परवानगी) सादर केले, देय तारखेच्या आधी सादर केले किंवा एकच हप्ता चार-चार वेळा सादर केला, तर चूक कंपनीची. दोन्हीकडचे चार्ज कंपनीने द्यायचे. तुमच्या बँकेने फक्त रिटर्न केला, ती "आमचा संबंध नाही" म्हणाली तर बरोबर म्हणते. खात्यात पैसे होते तरी रिटर्न गेला, तर चूक बँकेची. स्टेटमेंटमधला मॅन्डेटचा यूएमआरएन क्रमांक आणि रिटर्नचे कारण तक्रारीत हवेच.

१ ऑक्टोबर २०२४ नंतर मंजूर झालेल्या किरकोळ आणि एमएसएमई (सूक्ष्म, लघु, मध्यम उद्योग) मुदत कर्जात आणखी एक हत्यार आहे. कर्जाआधी जे मुख्य तथ्य पत्रक देतात त्यात नसलेला कोणताही आकार कर्जदाराच्या स्पष्ट संमतीशिवाय लावता येत नाही. बाउन्स चार्ज तिथे ५०० लिहून ७५० घेतला असेल तर फरक परत. हे मुदत कर्जांना आहे, ओडीला नाही.

कर्ज फिटल्यावर मॅन्डेट रद्द करायला कंपनीवर विसंबू नका. आपल्या बँकेतही लेखी रद्द करा. आणि हप्ता मुद्दाम बुडवून "बघू काय करतात" हा खेळ नको. चेकप्रमाणेच इलेक्ट्रॉनिक हप्ता न वटणेही २००७ च्या पेमेंट अँड सेटलमेंट कायद्याच्या कलम २५ खाली गुन्हा ठरू शकते.

खतावणी

आता अर्ज. बँकेला पाठवायचा नमुना खाली देतो. एका पानाच्या वर जाऊ देऊ नका, आणि "माझी मानसिक पिळवणूक" वगैरेने सुरुवात करू नका. वाचणारा माणूस तारखा आणि आकडे शोधत असतो.

> प्रति, शाखाधिकारी,
> विषय : बचत खाते क्र. ....... मधून कापलेला किमान शिल्लक दंड परत करणेबाबत
>
> माझ्या खात्यातून दि. .... रोजी रु. ....., दि. .... रोजी रु. ..... असा एकूण रु. ..... दंड (जीएसटीसह) कापण्यात आला आहे. स्टेटमेंटची प्रत सोबत जोडली आहे, संबंधित नोंदी अधोरेखित केल्या आहेत.
>
> रिझर्व्ह बँकेच्या दि. २० नोव्हेंबर २०१४ च्या परिपत्रकानुसार तुटीची सूचना देऊन किमान एक महिन्याची मुदत देणे बंधनकारक आहे. वरील प्रत्येक दंडाआधी अशी सूचना मला मिळालेली नाही. सूचना दिली असल्यास तिची तारीख, माध्यम आणि मजकूर कळवावा. तसेच त्या महिन्याची सरासरी शिल्लक, तूट आणि दंडाची आकारणी यांचा हिशेब द्यावा.
>
> ही सेवेतील त्रुटी असल्याने संपूर्ण रक्कम जीएसटीसह ३० दिवसांत खात्यात जमा करावी. न झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे दाद मागण्यात येईल.

शाखेत दिलात तर दुसऱ्या प्रतीवर तारखेसह शिक्का. ईमेल केलात तर बँकेच्या तक्रार कक्षाच्या पत्त्यावर, तक्रार क्रमांक मिळेपर्यंत सोडायचे नाही. फोनवर बोललात तरी क्रमांक मागा. तोंडी तक्रारीने ३० दिवसांचे घड्याळ सुरू होत नाही.

'जीएसटीसह' हा शब्द सोडू नका. बँका ५०० परत करतात आणि ९० विसरतात.

सावंतवाडीकर

कस्टमर केअरवाले "सदिच्छा म्हणून अर्धे परत करतो" म्हणतात. घ्यावे का?

काउंटर_नं_३

घ्या, पण त्याच दिवशी लेखी उत्तर द्या : "रु. .... जमा झाले. उर्वरित रु. .... ची मागणी कायम आहे." गप्प बसलात तर तक्रार 'समाधानाने निकाली' म्हणून बंद होते आणि पुढे लोकपालाकडे तीच नोंद बँक दाखवते.

दहा किंवा जास्त शाखांच्या व्यापारी बँकांत (ग्रामीण बँका सोडून) अंतर्गत लोकपाल असतो. तुमची तक्रार बँक पूर्ण किंवा अंशतः फेटाळणार असेल तर आधी त्याच्याकडे जायलाच हवी. तुम्ही त्याला थेट लिहू शकत नाही. पण "ही तक्रार अंतर्गत लोकपालाने पाहिली आहे का, ते उत्तरात नमूद करावे" अशी एक ओळ टाकली की छापील उत्तर यायचे जरा कमी होते.

नियमावली

पुढची पायरी, रिझर्व्ह बँकेची एकात्मिक लोकपाल योजना २०२१. फी नाही, वकील लागत नाही. उलट वकिलामार्फत केलेली तक्रार घेतच नाहीत.

बँकेने फेटाळले, अर्धवट दिले किंवा ३० दिवसांत उत्तरच दिले नाही, की तक्रार करता येते. उत्तर आल्यापासून एक वर्षाच्या आत. उत्तर आले नसेल तर तक्रारीच्या तारखेपासून एक वर्ष ३० दिवस. मूळ तक्रार बँकेकडे मुदत कायद्याच्या आत केलेली असावी लागते, म्हणजे धरून चाला की तीन वर्षांपूर्वीचे चार्ज गेले. दहा वर्षांची यादी काढण्यात वेळ घालवू नका.

पोर्टल सीएमएस डॉट आरबीआय डॉट ओआरजी डॉट इन. मोबाइलवर ओटीपी येतो. सोबत बँकेला केलेली तक्रार, पोच किंवा क्रमांक, बँकेचे उत्तर आणि स्टेटमेंटची तेवढीच पाने पीडीएफमध्ये. कागदावर पाठवायची असेल तर चंदीगडला सेक्टर १७ मध्ये रिझर्व्ह बँकेचे केंद्रीय स्वीकृती केंद्र आहे, पिन १६००१७. अडचण आली तर फोन १४४४८.

तक्रारी परत येण्याची कारणे ठरलेली आहेत. बँकेकडे आधी गेलाच नाहीत, किंवा गेल्याची तारीख फॉर्ममध्ये चुकली. ३० दिवस पुरे व्हायच्या आत पाठवली. तोच विषय कोर्टात किंवा ग्राहक आयोगात चालू आहे. आणि खतावणी यांनी वर सांगितले ते, 'चार्ज अन्यायकारक आहे' असे लिहिले, म्हणजे व्यावसायिक निर्णयाला आव्हान दिले. त्याऐवजी 'परिपत्रकाप्रमाणे सूचना न देता आकारणी, सेवेतील त्रुटी' असे लिहा. मजकूर तोच, पण एक वाक्य आत जाते आणि दुसरे बाहेर राहते.

नुकसानभरपाई २० लाखांपर्यंत आणि त्रासापोटी १ लाखापर्यंत देण्याचा अधिकार लोकपालाला आहे, पण चार्जच्या प्रकरणांत मूळ रक्कम आणि झालाच तर थोडा खर्च, इतकीच अपेक्षा ठेवा. बहुतेक प्रकरणे निवाड्यापर्यंत जातच नाहीत. लोकपालाकडून विचारणा गेली की बँक पैसे जमा करून मोकळी होते.

किराणा_आणि_कंपनी

पतसंस्थेलाही हेच लागू का? आमच्याकडे निम्म्या बाजारपेठेचा व्यवहार पतसंस्थांतून चालतो.

नियमावली

नाही. पतसंस्था महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० खाली येते, रिझर्व्ह बँकेखाली नाही. तिथे आधी संस्थेच्या व्यवस्थापनाकडे लेखी, मग तालुक्याचे सहायक निबंधक किंवा जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था. संस्थेचे मंजूर पोटनियम आणि आकारांबाबतचा ठराव यांची प्रत मागा. सभासद म्हणून तो तुमचा हक्क आहे, आणि बहुतेक वेळा आकाराला ठरावच नसतो.

नागरी सहकारी बँक वेगळी. ती रिझर्व्ह बँकेच्या देखरेखीत. शेड्यूल्ड असेल किंवा ठेवी ५० कोटींच्या वर असतील तर वर सांगितलेला लोकपालच. त्याहून लहान असेल तर पोर्टल तेच, तक्रार रिझर्व्ह बँकेच्या ग्राहक संरक्षण कक्षाकडे वळते.

थेम्सकाठ

इंग्लंडमधल्या मराठी मंडळींसाठी थोडक्यात, कारण इकडे अजूनही जुने लेख वाचून लोक ओव्हरड्राफ्टचे पैसे मागत बसतात. तो रस्ता २५ नोव्हेंबर २००९ ला बंद झाला. इथल्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की त्या चार्जची रक्कम वाजवी आहे का हे ग्राहक करारांच्या नियमांखाली तपासता येत नाही. थोडक्यात इकडेही 'फार आहे' चालले नाही. एप्रिल २०२० पासून ओव्हरड्राफ्टवर एकच वार्षिक व्याजदर. रोजचे ठरावीक शुल्क बंद, आणि परवानगीशिवायच्या ओव्हरड्राफ्टला जादा दर लावता येत नाही. आज मागणी टिकते ती बँकेची चूक असेल किंवा तुम्ही आर्थिक अडचणीत आहात हे दिसत असूनही बँक कापत राहिली तर. बँकेला आठ आठवडे, मग फायनान्शियल ओम्बड्समन (इकडचा लोकपाल), बँकेच्या अंतिम उत्तरापासून सहा महिन्यांच्या आत. फुकट आहे, टक्केवारी मागणाऱ्या क्लेम कंपन्यांची गरज नाही.

प्रज्ञा_क

लोकपालाने फेटाळले तर ग्राहक आयोगात जाता येते का?

नियमावली

येते. घटनेपासून दोन वर्षांच्या आत, जिल्हा आयोगात. ५ लाखांपर्यंत फी नाही, ई-जागृती पोर्टलवरून दाखल होते. पण २१९ रुपयांसाठी तारखा करायच्या का हे ज्याचे त्याने ठरवावे. ओडी खात्यातल्या मोठ्या रकमांना तो रस्ता बरा, मात्र व्यापारी खाते असेल तर 'तुम्ही ग्राहकच नाही, व्यापारी कारणासाठी सेवा घेतली' हा बचाव बँक पहिल्याच तारखेला मांडते. स्वयंरोजगारातून उपजीविकेसाठी धंदा आहे हे अर्जातच लिहून ठेवावे.

सरकारी बँक असेल तर १० रुपयांत माहितीचा अधिकारही आहे. स्वतःच्या खात्यावर कोणत्या तारखांना तुटीच्या सूचना पाठवल्या, त्याची नोंद मागायची. ती नोंद नसल्याचे उत्तर आले तर लोकपालाच्या अर्जाला तेच जोडा.

सावंतवाडीकर

शेवटचा प्रश्न. वैतागून खाते बंदच करायचे असेल तर मागचा दंड भरावाच लागतो का?

काउंटर_नं_३

बंद करायच्या अर्जाबरोबर दंडाला हरकत घेणारे पत्र द्या. क्रम उलटा करू नका, आधी खाते बंद केले की स्टेटमेंट मिळवायलाही फेऱ्या होतात. म्हणून तीन वर्षांचे स्टेटमेंट आधीच डाउनलोड करून ठेवा. शाखा अडून बसली तर "हरकत कायम ठेवून भरत आहे" असे स्लिपवर लिहून भरा आणि नंतर मागा. असे भरल्याने हक्क जात नाही. त्या खात्याला जोडलेले हप्ते, एसआयपी, गॅसचे अनुदान आधी दुसरीकडे वळवा, नाहीतर एक दंड मिटवताना दुसरा ओढवून घ्याल. आणि खाते बंद झाल्याचे पत्र शून्य येणे बाकी अशा उल्लेखासह घ्या. ओडी किंवा सीसी असेल तर मुदत संपायच्या आधी "नूतनीकरण नको" असे लेखी कळवून देय तारखेला बंद करा, मध्येच बंद केलेत तर मुदतपूर्व बंदचा आकार मागतात.